डॉक्टरनं न सांगितलेली पथ्यं

सौंदडच्या तुलसा राहांगडालेच्या छातीत घड्याळ बसवलं आहे अशी गावात समजूत होती, आणि ती अगदीच खोटी नव्हती. लहानपणी सांधे धरणारा ताप आला होता, त्यानं तिच्या काळजाची एक झडप खराब करून ठेवली. चाळिशी ओलांडल्यावर तिला चार पावलांत दम लागायला लागला, तेव्हा २००३ साली नागपूरच्या एका दवाखान्यात छाती उघडून तिथे धातूची झडप बसवण्यात आली. त्या झडपेचा आवाज येई. घर शांत झालं की शेजारच्या खाटेवर तिच्या नवऱ्याला, झामसिंगला, तो ऐकू येई. टिक, टिक, टिक. सुरुवातीला त्या आवाजानं त्याला झोप लागत नसे. पुढे ती माहेरी गेली की झोप लागेना.

धातूच्या झडपेवर रक्त गोठून गाठ धरू नये म्हणून रोज एक गोळी घ्यायची होती. रक्त पातळ करायची, आणि तीही जन्मभर. ही गोष्ट गावाला पटवणं ऑपरेशनपेक्षा अवघड गेलं. तिथे आरोग्य केंद्रातली नर्सबाई रक्त वाढवायच्या लाल गोळ्या घरोघर वाटत फिरायची, आणि इथे ही बाई उलटीकडे निघालेली. शेजारची नंदाबाई तर मोठ्या काळजीनं म्हणाली, "लोकं रक्त घट्ट व्हावं म्हणून औषध खातेत, अन् तू पैसे देऊन पातळ करून राहिली. पाणी टाकलेलं दूध कोणी घेत नाही, मंग रक्त काऊन पातळ करावं?"

 पण गोळी तुलसानं कधी चुकवली नाही, हे तिच्या बाजूनं आधीच सांगून ठेवलेलं बरं. पुढे जे झालं त्यात तिच्या बाजूनं सांगण्यासारखं फार थोडं आहे.

दवाखान्यातून सुट्टी झाली त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी पथ्यं सांगितली, तेव्हा झामसिंग खाली औषधांच्या रांगेत उभा होता. ऐकायला एकटी तुलसा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळी रोज ठरलेल्या वेळी घ्यायची. दर महिन्याला रक्त तपासून ते किती पातळ झालंय ते बघायचं. पालेभाजी खायची, पण रोज साधारण सारखी. एकदम बंद नाही आणि एकदम परातभरही नाही. अंगदुखीची कुठलीही गोळी मला विचारल्याशिवाय तोंडात टाकायची नाही, हे तर त्यांनी दोनदा सांगितलं. आणि उठता उठता म्हणाल्या, "बाकी तीनेक महिन्यांनी घरची सगळी कामं करा. धारदार वस्तू तेवढ्या जपून."

परतीच्या एसटीत झामसिंगनं विचारलं, "काय म्हणलन डॉक्टरीण?"

तुलसानं सगळं बरोबर सांगितलं. धारदार वस्तूंपाशी आली, तेव्हा झामसिंगचा चेहरा उतरला. तो मुळात भित्रा माणूस. "म्हणजे विळी बंद?" त्यानं विचारलं.

तुलसानं खिडकीबाहेर पाहिलं. भंडाऱ्याच्या पुढची धानाची बांधी मागे पळत होती. लग्न होऊन आली त्या दिवसापासून ती त्या घरात विळीवर बसत होती. सासू होती तेव्हा, दीर वेगळे निघाले तेव्हा, मुलगा धनेंद्र पोटात होता तेव्हासुद्धा.

"बंदच समजा," ती म्हणाली.

हे खोटं नव्हतं, असं ती पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिली. बोलला तो होता. आपण फक्त समजा म्हणालो.

पण एकदा वाट सापडली की माणूस तिच्यावरून चालतोच. झामसिंगला दवाखान्याच्या वासानं मळमळायचं, म्हणून नागपूरला तपासणीला गेले की तो समोरच्या टपरीवर चहा पीत बसायचा आणि तुलसा एकटी आत जायची. बाहेर येताना तिच्याबरोबर एखादं नवीन पथ्य यायचं. विळी बंद झाली तसा कापणीचा विळा बंद झाला. मग रोवणीच्या चिखलात उभं राहणं बंद झालं. मग शेणानं सारवणं. मग पालेभाज्या, कारण झामसिंगला रोज संध्याकाळी एक हिरवी भाजी लागायची, आणि लाखोरीची कोवळी पानं पानागणिक निवडताना तुलसाची मान मोडून यायची.

"सारख्या खा म्हणे ना पालेभाज्या?" झामसिंगला आठवलं.

"आता बंद म्हणते. अजिबात नाही म्हणजे सारख्याच झाल्या."

त्या संध्याकाळी त्यानं वांगी चिरली.

सगळ्यात मोठं पथ्य आलं ते प्रेमिलाबाईचं. प्रेमिला ही झामसिंगची थोरली बहीण. मे महिन्यात यायची आणि आंबे संपल्यावर जायची. आल्या आल्या स्वयंपाकाच्या गंजावरचं झाकण उचलून आत बघायची, आणि झाकण ठेवताना एक उसासा टाकायची. त्या वर्षी एप्रिलात तुलसा नागपूरहून बाहेर आली ती फार गंभीर तोंड करून.

"मनाले तरास देणारं माणूस घरात ठेवू नोका म्हणते डॉक्टरीण."

झामसिंगनं चहाची कपबशी खाली ठेवली. "नाव घेऊन म्हणलन?"

"नाव कायले घेते. नुसतं नणंद असं म्हणलन."

झामसिंगनं बहिणीला निरोप पाठवला की औंदा घरात आजारपण आहे, तू दिवाळीला ये. दिवाळीत पुन्हा आजारपण निघालं.

आता झामसिंगचंही सांगायला पाहिजे. पन्नाशीतला, किडकिडीत, आवाज न चढवणारा माणूस. पहिल्या महिन्यात त्यानं विळीवर तीन बोटं कापून घेतली आणि दर वेळी तुलसाला दाखवून म्हणाला, "पाह्य, हे तुझं बोट असतं तं?" पण हळूहळू हात बसला. वांग्याच्या फोडी सारख्या यायला लागल्या. भेंडी तर तो इतकी एकसारखी चिरायचा की ताटलीत पैसे मांडून ठेवल्यासारखी दिसायची. आणि पानठेल्यावर बसला की तो बायकोच्या पथ्यांचं वर्णन करायचा. लोक ऐकायला थांबायचे. "रक्त पातळ राहते तिचं. नुसतं खरचटलं तं नळ सुटल्यावानी," तो सांगायचा. खरचटलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, पण सांगताना त्याच्याच अंगावर काटा यायचा.

तुलसाला हे कानावर आलं की थोडं लाजल्यासारखं व्हायचं. मग ती विचार करायची की डॉक्टरीणबाईंनी हे सांगितलं नाही हे खरं, पण विचारलं असतं तर सांगितलं असतं. शहाणी बाई आहे.

असं पाच वर्षं चाललं. २००८ च्या उन्हाळ्यात तिचे गुडघे धरले.

चिखल नाही, कापणी नाही, सारवण नाही. अंग थोडं सुटलं होतं, त्याचा भार गुडघ्यांवर आला. उठताना कळ, बसताना कळ. नंदाबाईचेही गुडघे दुखायचे, पण ती आठवडी बाजारात तरण्या पोरीसारखी फिरत होती. तिला विचारलं तर तिनं पदराच्या गाठीतून कागदाची पुडी काढली. मनिरामच्या मेडिकलमधली. एक पिवळी गोळी, एक पांढरी, सकाळ-संध्याकाळ.

तुलसाला डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं. दोनदा सांगितलेलं ते. तिनं त्यावर नीट विचार केला. विचारल्याशिवाय घेऊ नका म्हणाल्या. विचारायचं तर नागपूरला जायला पाहिजे. नागपूरला जायचं तर गुडघा पाहिजे. गुडघ्यासाठी गोळी पाहिजे. म्हणजे आधी गोळी घ्यायची आणि मग विचारायला जायचं, हाच सरळ मार्ग दिसत होता.

मनिराम तसा काळजीनं विचारणारा माणूस होता. "बाई, दुसरं काही औषध चालू आहे का?"

"एक रक्ताची गोळी आहे रोजची," तुलसा म्हणाली.

मनिरामच्या डोळ्यांसमोर नर्सबाईची लाल गोळी आली. "ते चांगलंच आहे. तिच्यासंगं चालते," तो म्हणाला आणि पुडी बांधून दिली.

दोन दिवसांत गुडघे मोकळे झाले. इतके, की नागपूरला जाऊन विचारण्याची गरजच उरली नाही. दर महिन्याला गाडीनं गोंदियाला जाऊन रक्त तपासायचं आणि आकडा नागपूरला कळवायचा, तेही राहिलं. आधी गुडघ्यांमुळे जमलं नव्हतं, आता रोवणीचे दिवस आले, घरात मजुरांचा स्वयंपाक, कोण जातं. एक महिना गेला, मग दुसराही गेला.

पहिला डाग दंडावर उठला. जांभळा, रुपयाएवढा. मग मांडीवर एक, खाटेची कड लागली होती तिथे, तो तळहाताएवढा झाला. मग मनगटावर, बांगड्यांच्या जागी. सकाळी चूळ भरताना पाणी गुलाबी व्हायचं. तुलसानं पदर ओढून घेतला आणि कुणाला काही सांगितलं नाही. सांगायला गेलं तर पुडीचं सांगावं लागलं असतं.

बोअरिंगवर पाणी भरताना नंदाबाईनं तो दंड पाहिला.

"हे कायचं व?"

"काही नाही. आपोआप झालं."

 गावात ज्या ज्या बाईला नवऱ्याचा मार बसला होता, त्या प्रत्येकीनं बोअरिंगवर हेच सांगितलं होतं. नंदाबाईनं तुलसाची घागर स्वतः उचलून दिली आणि घरी गेल्यावर बहिणीला सांगितलं. बहीण दुसऱ्या दिवशी बाजारात बोलली. सौंदडच्या बाजारात नवेगाव बांधच्या मासोळी विकणाऱ्या बाया येत, आणि नवेगाव बांध तुलसाचं माहेर. संध्याकाळी मासोळीची टोपली रिकामी होऊन परत गेली, पण बातमी भरून गेली.

तुलसाचा धाकटा भाऊ हेमेंद्र बिसेन तापट होता. तो सकाळीच मोटरसायकलवर आला, मागे मित्र बकाराम, दांडग्या हाडाचा. दोघं अंगणात शिरले तेव्हा झामसिंग पडवीत विळीवर बसून भेंड्या चिरत होता.

हेमेंद्रनं रामराम केला नाही. "भाऊजी, तुम्ही हात उचलता म्हणते."

झामसिंगला वाटलं, पाहुणा चिरण्याबद्दल विचारतो आहे. "उचलावाच लागते," तो म्हणाला. "नाही तं बोट जाते."

हेमेंद्रनं बकारामकडे पाहिलं. असा निर्ढावलेला माणूस त्यानं पाहिला नव्हता. "अन् हे कधीपासून?"

"ऑपरेशनपासून. पाच वर्षं झाली. आधी जमत नोहतं, आता सवय झाली."

"लाज नाही वाटत?"

"पहिले वाटे," झामसिंग म्हणाला. "लोकं हासत. आता पानठेल्यावर मीच सांगतो सगळ्याईले."

हेमेंद्रनं बाह्या वर केल्या. बकाराम पडवीची पायरी चढला. नेमकी तेव्हाच तुलसा बाहेर आली आणि भावाचा अवतार बघून तिला सगळं एका क्षणात कळलं.

"अरे, ते भाजी कापायचं सांगून राहिले," ती ओरडली. "ह्या माणसानं मले कधी बोट नाही लावलं."

"मंग हा दंड?"

तिनं तोंड उघडलं, पण शब्दाच्या आधी नाकातून रक्त आलं. आधी थेंब, मग धार. तिनं पदर लावला, पदर भिजला. झामसिंगनं ओला टॉवेल आणला, तोही लाल झाला. हेमेंद्रच्या बाह्या तशाच वर राहिल्या, राग मात्र कुठल्या कुठे गेला. पाच वर्षं पानठेल्यावर नळ सुटल्याची गोष्ट सांगणारा झामसिंग तिच्यासमोर उकिडवा बसून तोच टॉवेल पुन्हा पुन्हा पिळत होता.

नागपूरला फोन लावला तो बकारामनं. तिकडून सांगितलं, पुढे वाकवून बसवा, नाकपुड्या चिमटीत धरून ठेवा, गाडी करून थेट आणा. सडक अर्जुनीहून जीप आली. सौंदड ते नागपूर झामसिंगनं बायकोचं नाक सोडलं नाही.

दवाखान्यात रक्त तपासलं. जो आकडा तीनच्या आसपास हवा होता, तो नऊला टेकला होता. नाकात बोळा भरला, गोळी थांबवली, उतारा दिला, तुलसाला खाटेवर घातलं. मग डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या. एका बाजूला झामसिंग, दुसऱ्या बाजूला हेमेंद्र.

"अंगदुखीचं काही घेतलं होतं?"

तुलसा छताकडे बघत राहिली.

झामसिंगला हा प्रश्न अन्यायाचा वाटला. दवाखान्याचा वास तो त्या दिवशी विसरला होता. "डॉक्टरीणबाई, हिच्यावानी पथ्य कोणी पाळत नसंल," तो म्हणाला. "विळीले हात नाही. विळ्याले हात नाही. चिखलात पाय नाही. शेण नाही. पालेभाजी पाच वर्षं घरात आली नाही. अन् माझी बहीणसुद्धा नाही."

"तुमची बहीण?"

"तुम्हीच सांगतलं ना जी. नणंद चालत नाही म्हणून."

डॉक्टरीणबाई तुलसाकडे वळल्या. खोलीत ती झडप सगळ्यांना ऐकू येईल इतकी वाजत होती. हेमेंद्रला आधी कळलं. तो खाली मान घालून चपलेकडे बघायला लागला, त्याचे खांदे हलत होते.

तुलसानं उशाखालून कमरेची पिशवी काढली आणि त्यातली पुडी चादरीवर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या पाहिल्या. त्या हसल्या नाहीत. "मी न सांगितलेलं सगळं तुम्ही पाळलंत," त्या म्हणाल्या, "आणि दोनदा सांगितलेलं सोडलंत. ही पिवळी गोळी रक्त थांबू देत नाही, पोटात जखम करते. शिवाय पालेभाजी नाही, म्हणजे आपल्या गोळीचा जोर आणखी चढतो. तपासणीचा आकडा येत होता तोवर मी मात्रा कमी करून भागवत होते, आणि का कमी करावी लागते ते मला कळत नव्हतं. मग तपासणीही बंद केलीत." त्यांनी पुडी उचलून बाजूला ठेवली. "नाकातून आलं, म्हणून दिसलं. डोक्यात झालं असतं तर कोणाला दिसलं नसतं."

 ऑपरेशनच्या टेबलावर चढतानासुद्धा तुलसा इतकी घाबरली नव्हती, कारण तिथे जे व्हायचं ते दुसऱ्याच्या हातानं होणार होतं.

तीन दिवस ठेवून घेतलं. झामसिंग डबा आणायचा, पाणी भरून ठेवायचा, बाकावर बसायचा, पण बोलायचा नाही. तुलसा वाट बघत होती की आता ओरडेल, मग ओरडेल. तिसऱ्या दिवशी दुपारी तो संत्री सोलत असताना म्हणाला, "रोवणीचंही खोटं?"

"हो."

"अन् सारवायचं?"

"ते अर्धं खरं."

"अर्धं कसं?"

"वाकू नोका म्हणलन होतं. तीन महिने. मी महिने नाही सांगतले."

झामसिंगनं एका फोडीवरचे धागे काढले, तिच्या हातात दिली. "मले सरळ सांगतलं असतं, का मी थकली म्हणून. मी नाही म्हणलं असतं का?"

"म्हणलं असतं," तुलसा म्हणाली.

त्यानं दुसरी फोड सोलली, तिसरी सोलली. तो प्रामाणिक माणूस होता. "म्हणलं असतं," तो शेवटी म्हणाला.

हेमेंद्रनं निघताना भाऊजींच्या पायाला हात लावला, आणि बाजूला घेऊन हळूच सांगितलं की ही पथ्यांची गोष्ट नवेगाव बांधला आमच्या घरी पोचायला नको.

सौंदडला परतल्यावर तुलसानं पहिलं काम केलं ते मनिरामकडे जाण्याचं. "माझी गोळी रक्त वाढवायची नाही, पातळ करायची," तिनं सांगितलं. मनिराम काउंटरमागे खाली बसला. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाला औषधाचं नाव नाही, चिठ्ठी दाखवायला सांगायचा. लोक कंटाळायचे, पण दाखवायचे.

पालेभाजी घरात परत आली, रोज एक वाटी, कमी नाही की जास्त नाही. निवडायला दोघं बसायचे. गुडघ्यांना डॉक्टरीणबाईंनी शेक सांगितला, पाय लांब करून उचलायचा व्यायाम सांगितला, आणि फारच दुखलं तर घ्यायची एक साधी गोळी लिहून दिली, तीही मोजून. व्यायामानं गुडघा बरा व्हायला पुडीपेक्षा फार वेळ लागला. तुलसा रोज कुरकुरायची आणि रोज पाय उचलायची.

विळीचं मात्र वेगळंच झालं. एक दिवस तिनं लाजेकाजेनं ती पुढे ओढली आणि वांगी चिरली. झामसिंग उभा राहून बघत होता. फोडी एक जाड, एक पातळ. तो दोन मिनिटं सोसत राहिला, मग म्हणाला, "सरक." विळी त्याच्याकडेच राहिली. नंदाबाईला वाटलं, मारल्याचं प्रायश्चित्त घेऊन राहिला बिचारा. तिची समजूत कुणालाही घालता आली नाही.

आता नागपूरला गेले की झामसिंग आत यायला लागला. नाकावर रुमाल धरून खुर्चीच्या कडेवर बसायचा, आणि डॉक्टरीणबाईंचं प्रत्येक वाक्य मोठ्यानं पुन्हा म्हणून बघायचा. पुढच्या वर्षी रोवणीच्या तोंडावर गेले, तेव्हा आकडा अगदी जागेवर होता. डॉक्टरीणबाई खूश झाल्या, पुढची तारीख दिली, काही विचारायचंय का म्हणाल्या.

तुलसा उठली. झामसिंग बसून राहिला. त्यानं रुमाल खाली घेतला.

"एक होतं जी," तो म्हणाला. "औंदा माझी कंबर धरून राहिली. नवऱ्यानं चिखलात वाकू नये, असं काही सांगता येते का?"

डॉक्टरीणबाईंनी एकदा त्याच्याकडे, एकदा तुलसाकडे पाहिलं, आणि पुढच्या पेशंटला आत पाठवायला सांगितलं. जिन्यावरून उतरताना तुलसा पदर तोंडाला लावून हसत होती, आणि झामसिंग तिला सांगत होता की त्यात हसण्यासारखं काही नाही, कंबर खरंच दुखते.